संत जॉन बॉस्को आणि दाराबाहेरचीं मुलें
(पॅरिशच्या सुवर्णमहोत्सवाच्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



आपल्या ख्रिस्तमंदिराच्या सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगीं एखाद्या संताच्या चरित्रावर चार शब्द बोलावे, अशी आज्ञा उत्सव-मंडळानें मला केली, तेव्हां कोणता संत निवडावा याचा मला फारसा विचार करावा लागला नाहीं. मी जन्माचा शाळामास्तर. मुलांचा व माझा सहवास छत्तीस वर्षांचा. त्या छत्तीस वर्षांत मीं जें केलें त्यांतील बरेंचसें करावयास नको होतें, असें ज्या एका संताचें चरित्र वाचतांना मला वारंवार वाटलें, त्याच संताविषयीं आज बोलावें असें मीं ठरविलें. ते संत म्हणजे इटलींतील ट्यूरिन शहराचे धर्मगुरु जॉन बॉस्को. इटलींत धर्मगुरूच्या नांवामागें ‘डॉन’ हें आदराचें पद लावतात, म्हणून सारें जग त्यांना डॉन बॉस्को या नांवानेंच ओळखतें.

संतचरित्र ऐकावयास बसलों म्हणजे आपण चमत्कारांची वाट पाहूं लागतों. डॉन बॉस्कोंच्या चरित्रांत चमत्कार आहेत, स्वप्नें आहेत, अंधाऱ्या रात्रीं त्यांच्या रक्षणासाठीं कोठून तरी येऊन उभा राहणारा एक करड्या रंगाचा थोरला कुत्राही आहे. या कथा मुलांस फार आवडतात, व वर्गांत मींही त्या रंगवून सांगितल्या आहेत. आज मात्र मी त्या बाजूला ठेवणार आहें. मला वाटतें, या पुरुषाचें मोठेपण एका साध्या प्रश्नांत सांठविलेलें आहे. तुरुंगांत पडलेलें पोर पाहिलें कीं आपण सारे विचारतों, यानें काय केलें? डॉन बॉस्कोंच्या मनांत निराळाच प्रश्न उभा राहिला: हा बाहेर होता तेव्हां याच्याजवळ कोण होतें?

त्यांचा जन्म १८१५ च्या ऑगस्टच्या १६ व्या तारखेस, पिएमाँत प्रांतांतील कास्तेल्नुओव्हो गांवाजवळील बेक्की नांवाच्या वाडीवर झाला. वडील फ्रांचेस्को शेतकरी होते. मुलगा दोन वर्षांचाही झाला नव्हता तोंच फुप्फुसाच्या दाहानें ते वारले. मागें राहिली आई मार्गारिता, थकलेली सासू, सवतीचा मुलगा अंतोनियो आणि पोटचे दोघे, जुझेप्पे व जॉन. मार्गारितेला अक्षरओळख नव्हती. परंतु प्रार्थना, धर्मप्रश्नोत्तरी आणि कामाची शिस्त तिनेंच मुलांस शिकविली. अंतोनियोला धाकट्यानें पुस्तकांत डोकें खुपसून बसलेलें खपेना. भांडण इतकें वाढलें कीं, १८२८ च्या फेब्रुवारींत, ऐन बर्फाच्या दिवसांत, आईनें बारा वर्षांच्या जॉनला परक्या घरीं गडी म्हणून ठेवण्यासाठीं पाठविलें. मोलिया नांवाच्या कुटुंबाच्या शेतावर तो जवळजवळ दोन वर्षें राबला. पुढें कास्तेल्नुओव्हो व किएरी येथें शिकतांना त्यानें कॉफीच्या दुकानांत चाकरी केली, शिंप्याच्या घरीं राहून सुई धरली, लोहाराचा भाता ओढला. दोरीवर चालणें, हातचलाखीचे खेळ करणें हेंही तो शिकला होता, व खेळ पाहावयास जमलेल्या शेतकऱ्यांकडून पैशाऐवजीं एक रोझरी म्हणवून घेत असे. हें सर्व मी मुद्दाम सांगतों. गरिबांच्या मुलांविषयीं पुढें त्यांनीं जें जाणलें तें ग्रंथांतून जाणलेलें नव्हतें. परक्याच्या गोठ्यांत झोंपणें म्हणजे काय, हें त्यांच्या पाठीला ठाऊक होतें.

स्वप्नें बाजूस ठेवतों असें मीं म्हटलें, तरी एक सांगितल्यावांचून राहवत नाहीं. नऊ वर्षांचे असतांना त्यांनीं पाहिलें कीं, मैदानांत पुष्कळ पोरें शिवीगाळ करीत भांडत आहेत, आणि आपण त्यांना गप्प करण्यासाठीं मुठी वळून धांवत आहोंत. तेव्हां एका तेजस्वी पुरुषानें त्यांना थांबविलें व सांगितलें कीं, मारानें नव्हे तर ममतेनें यांना आपलेंसें करावयाचें आहे. हें लक्षांत असूं द्या.

१८४१ च्या जून महिन्याच्या ५ व्या तारखेस त्यांची गुरुदीक्षा झाली, व पुढील अभ्यासासाठीं ते ट्यूरिन शहरांत, आसिसीच्या संत फ्रान्सिसच्या देवळाला जोडून असलेल्या गुरुनिवासांत राहिले. तेथें त्यांचे मार्गदर्शक होते डॉन काफास्सो. देहान्ताची शिक्षा झालेल्या कैद्यांच्या शेजारीं फांशीच्या चबुतऱ्यापर्यंत चालत जाणारे हे धर्मगुरु. त्यांनाही १९४७ सालीं संतपद मिळालें. त्यांनीं या तरुण गुरूला आपल्याबरोबर तुरुंगांत नेलें.

ट्यूरिन त्या काळीं झपाट्यानें वाढत होतें. नवीं घरें, नवे रस्ते, कारखाने यांचीं कामें निघालीं होतीं, आणि डोंगरांतील व भोंवतालच्या खेड्यांतील गरिबांचीं मुलें पोटासाठीं शहरांत येत होतीं. कोणी गवंड्याच्या हाताखालीं चुना-विटा वाही, कोणी धुरांडीं झाडी. हिंवाळ्यांत बांधकाम थांबलें कीं हीं पोरें रस्त्यावर! त्यांना आणखी एक गोष्ट नव्हती, आणि आजच्या दिवशीं ती आपण विशेष ध्यानांत घ्यावी. त्यांना पॅरिश नव्हती. गांवचें देऊळ मागें राहिलें होतें, आणि शहरांतील कोणत्याच देवळाच्या वहींत त्यांचें नांव नव्हतें.

तुरुंगांत बारा ते अठरा वर्षांचीं धडधाकट, चलाख मुलें किड्यांनीं पोखरलेल्या अंगानें आणि मनानें कुजत असलेलीं पाहून डॉन बॉस्को हादरून गेले. परंतु त्यांना सर्वांत अधिक धक्का बसला तो निराळ्याच गोष्टीचा. सुटून गेलेलीं मुलें कांहीं दिवसांनीं पुन्हां तेथेंच दिसत. सुटतांना त्यांनीं नीट वागण्याचा निश्चय केलेला असे, व तो खोटाही नसे. पण दाराबाहेर त्यांची वाट पाहणारें कोणीच नसे. पहिल्याच वळणावर जुने सोबती भेटत, आणि निश्चय संपून जाई. बाहेर एखादा स्नेही असता, सणाच्या दिवशीं त्यांची विचारपूस करणारा, काम पाहून देणारा, तर हीं पोरें येथें परत आलीं असतीं काय? डॉन काफास्सोंजवळ त्यांनीं हेंच बोलून दाखविलें. त्यांच्या पुढील सेहेचाळीस वर्षांचें सारें कार्य या एका विचाराचा विस्तार आहे.

त्याच वर्षींच्या डिसेंबरची ८ वी तारीख. पवित्र मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवाचा सण. डॉन बॉस्को मिस्सासाठीं वस्त्रें चढवीत होते. साक्रिस्तींत कोपऱ्यांत एक सोळा वर्षांचा पोरगा येऊन उभा राहिला होता. साक्रिस्तानानें त्याला मिस्साला सेवा करावयास सांगितलें. तो म्हणाला, मला येत नाहीं. येत नाहीं तर येथें आलास कशाला, असें म्हणून साक्रिस्तानानें झाडण्याचा दांडा उचलला आणि त्याच्या डोक्याखांद्यांवर चार तडाखे दिले. पोरगा पळाला. डॉन बॉस्को मोठ्यानें म्हणाले कीं, तो माझा स्नेही आहे, त्याला परत बोलवा. मुलगा थरथरत आला. मिस्सा झाल्यावर डॉन बॉस्कोंनीं त्याला जवळ बसविलें. नांव बार्तोलोमेओ गारेल्ली, गांव आस्ती, धंदा गवंडीकाम, आईबाप वारलेले. लिहितां वाचतां येत नाहीं. पहिला कम्युनियन झालेला नाहीं. लहान लहान मुलांबरोबर धर्मशिक्षणाला बसावयाची लाज वाटते. सर्वच प्रश्नांना ‘नाहीं’ म्हणून उत्तर देणाऱ्या त्या मुलाला शेवटीं त्यांनीं विचारलें कीं, तुला शीळ तरी घालतां येते ना? आणि मुलगा हंसला, असें सांगतात. मग दोघांनीं गुडघे टेकून एक नमो मारिया म्हटली, व पहिला धडा सुरू झाला. पुढच्या रविवारीं गारेल्ली एकटा आला नाहीं.

भगिनींनो व बंधूंनो, ही कथा आपण पुष्कळदां ऐकली आहे, आणि प्रत्येक वेळीं आपण डॉन बॉस्कोंच्या बाजूस उभे राहून ती ऐकतों. मी त्या साक्रिस्तानाला अधिक चांगला ओळखतों. पुष्कळ वर्षांपूर्वीं माझ्या वर्गाच्या खिडकीशीं एक पोर येऊन उभें राहत असे. शाळेंत नांव नाहीं, अंगांत धड सदरा नाहीं. वर्गांतील मुलें त्याच्याकडे पाहून हंसत; माझ्या शिकविण्यांत व्यत्यय येई. एके दिवशीं मीं छडी घेऊन त्याला कुंपणापलीकडे हांकलला. तो पुन्हां आला नाहीं. कांहीं वर्षांनीं स्टेशनावर दोन शिपायांच्या मध्यें तो मला दिसला. त्यानेंच मला ओळखलें, आणि बांधलेले हात उचलून ‘नमस्कार, मास्तर’ म्हणाला. मीं त्याला एक अक्षरही शिकविलें नव्हतें. तरी तो मला मास्तर म्हणाला. तो खिडकीशीं कशासाठीं उभा राहत होता, तें मला त्या दिवशीं कळलें.

असो. गारेल्लीच्या मागोमाग दहा आले, वीस आले, मग शेंकडों. दर रविवारीं मिस्सा, पापनिवेदन, धर्मशिक्षण आणि मग मनसोक्त खेळ. या मेळाव्याला ‘ऑरेटरी’ म्हणजे प्रार्थनागृह असें नांव होतें. परंतु त्याला गृहच नव्हतें! आज एका संस्थेच्या आवारांत, उद्यां एका दफनभूमीच्या कपेलांत, परवां पिठाच्या गिरण्यांजवळ, तेथून एका भाड्याच्या घरांत, शेवटीं उघड्या शेतांत. सर्व ठिकाणीं एकच तक्रार: पोरें आरडाओरडा करतात. सज्जन लोकांस शांतता हवी होती. या गुरूच्या डोक्यांत बिघाड झाला आहे अशीही वार्ता पसरली, आणि दोन धर्मगुरु त्यांना फिरावयास नेण्याच्या मिषानें गाडी घेऊन आले. बेत वेड्यांच्या इस्पितळांत पोहोंचविण्याचा होता. डॉन बॉस्कोंनीं नम्रपणें त्या दोघांस आधीं गाडींत बसविलें, दार बाहेरून लोटलें आणि गाडीवानाला ‘चल, इस्पितळाकडे’ म्हणून सांगितलें!

१८४६ च्या ईस्टर रविवारीं, एप्रिलच्या १२ व्या तारखेस, वाल्दोक्को भागांत पिनार्दी नांवाच्या गृहस्थाची एक ठेंगणी पडवी त्यांना भाड्यानें मिळाली. छप्पर इतकें खालीं कीं, उंची यावी म्हणून जमीन खणावी लागली. त्याच उन्हाळ्यांत अतिश्रमानें डॉन बॉस्को मरणाच्या दारीं पोहोंचले. गवंड्यांच्या त्या पोरांनीं उपवास केले, पाळीपाळीनें देवळांत गुडघे टेकले, आणि ते वांचले. नोव्हेंबरच्या ३ ऱ्या तारखेस ते बेक्कीहून पायीं परत आले, तेव्हां त्यांच्याबरोबर अठ्ठावन्न वर्षांची त्यांची आई होती. आपलें घर, नातवंडें, शेत सोडून ती परक्यांच्या पोरांसाठीं शहरांत आली. लग्नांतला जपून ठेवलेला पोशाख तिनें वेदीच्या वस्त्रांसाठीं फाडला.

१८४७ च्या मे महिन्यांतील एका पावसाळी रात्रीं एक पंधरा वर्षांचा पोरगा चिंब भिजून दारांत उभा राहिला. तोही गवंडीकाम शोधण्यास आलेला. जवळचे तीन फ्रँक संपलेले. मार्गारितेनें त्याला चुलीपाशीं बसविलें, सूप दिलें. परंतु राहूं द्यावें कीं नाहीं? याआधीं ठेवून घेतलेलीं पोरें पांघरुणें घेऊन पळालीं होतीं. मार्गारितेनें त्या पोराच्याच मदतीनें स्वयंपाकघरांत विटांचे चार ठेंगणे खांब रचले, वर फळ्या टाकल्या, गवताची गादी घातली. मग त्या निरक्षर बाईनें निजण्यापूर्वीं त्याला मेहनत, सचोटी व देवाचें भय यांविषयीं चार शब्द सांगितले. डॉन बॉस्कोंच्या घरांतून रात्रीं निजण्यापूर्वीं मुलांशीं दोन शब्द बोलण्याची चाल आजही आहे, आणि ती त्या रात्रीपासूनची मानतात.

तरी मार्गारिताही माणूसच होती. मुलांनीं लढाईचा खेळ खेळतां खेळतां तिची भाजीची बाग तुडविली, वाळत घातलेले कपडे मळविले, तेव्हां एके दिवशीं ती वैतागून म्हणाली कीं, मी आपली बेक्कीला परत जातें. मुलानें कांहींच उत्तर केलें नाहीं. भिंतीवरील क्रूसाकडे नुसतें बोट दाखविलें. म्हातारीनें पदर सांवरला आणि कामाला लागली. १८५६ च्या नोव्हेंबरमध्यें ती वारली तीं अशाच पोरांच्या गराड्यांत. साधुत्वाची अर्धी वाटणी करावयाची झाली, तर मी ती या बाईच्या पदरांत टाकीन.

आतां मला एका कागदाविषयीं बोलावयाचें आहे. संतचरित्रांत या कागदाला दोन ओळी मिळतात. माझ्या मतें त्याला एक प्रकरण मिळावें. मुलें आठवडाभर कारागिरांकडे कामाला जात. मालक त्यांना कसबापेक्षां घरकामालाच जुंपीत, मारीत, रविवारींही सोडीत नसत. डॉन बॉस्को दुपारीं बांधकामांवर, दुकानांत जाऊन मुलांना भेटत व मालकांशीं बोलत. पण गोड बोलण्यावर ते थांबले नाहींत. त्यांनीं स्टँपाच्या कागदावर करार लिहून घेण्यास आरंभ केला. १८५२ च्या फेब्रुवारींत जुझेप्पे ओदास्सो नांवाच्या मुलाला सुताराकडे उमेदवार ठेवतांना केलेला करार आजही जतन केलेला आहे. मालकानें मुलाला सुतारकाम नीट शिकवावें. त्याच धंद्याचें काम द्यावें, दुसरें नाहीं. चूक झाल्यास शब्दानें समजवावें, मारूं नये. रविवार व सणाचे दिवस मोकळे ठेवावे. ठरलेली मजुरी द्यावी. मुलानें आज्ञा पाळावी, मन लावून शिकावें. खालीं सह्या: मालक, मुलगा, बाप, आणि धर्मगुरु जॉन बॉस्को.

दया करणारे पुष्कळ असतात. दयेचा कागद करून त्यावर सही करणारे थोडे. दया मनाच्या लहरीवर चालते. आज आहे, उद्यां नाहीं. करारानें त्या पोराला मागण्याचा हक्क मिळाला. आपल्या घरीं कामाला ठेवलेल्या पोराला रविवारीं मिस्साला सोडतों किंवा नाहीं, हें ज्याचें त्यानें आपल्या मनाशीं पाहावें. मी कोणाकडे बोट दाखवीत नाहीं.

पुढें मालकांचीही गरज कमी करावी म्हणून त्यांनीं घरांतच उद्योगशाळा काढल्या: १८५३ सालीं चांभारकाम व शिवणकाम, १८५४ सालीं पुस्तकबांधणी, मग सुतारकाम, छापखाना, १८६२ सालीं लोहारकाम. बांधणीचें पहिलें पुस्तक गव्हाच्या पिठाची खळ करून चिकटविलें व स्वयंपाकघरांतील कोयत्यानें कापून सारखें केलें, असें सांगतात. १८५४ च्या उन्हाळ्यांत शहरांत पटकीची सांथ आली, तेव्हां आप्तही रोग्यांना टाकून पळत होते, आणि हीं रस्त्यावरचीं पोरें त्यांची शुश्रूषा करीत हिंडत होतीं. त्यांतील एकही दगावलें नाहीं. याच घरांत तीन वर्षेंही पुरीं न राहिलेला दोमिनिक साव्हियो पंधराव्या वर्षीं, १८५७ सालीं, निवर्तला. १९५४ सालीं तो संत म्हणून घोषित झाला.

ख्रिस्ती लोकांची साह्यकारी मरिया हिच्या नांवानें वाल्दोक्को येथें जें भव्य मंदिर १८६८ सालीं अभिषिक्त झालें, त्याच्या पायाभरणीच्या वेळीं डॉन बॉस्कोंनीं कंत्राटदाराच्या हातांत आपली पिशवी रिकामी केली. तींतून निघाले आठ पैसे. कंत्राटदार हंसला असेल. परंतु त्यानें काम सोडलें नाहीं. हा कंत्राटदार कार्लो बुझेत्ती म्हणजे आरंभींच्या दिवसांत विटा वाहतां वाहतां ऑरेटरींत आलेलें एक पोर होतें.

सर्व सुरळीत चाललें असें मात्र समजूं नका. १८७० नंतर ट्यूरिनच्या आर्चबिशपांशीं त्यांचा संस्थेच्या अधिकारांवरून दीर्घ वाद झाला. ते आर्चबिशप गास्ताल्दी पूर्वीं त्यांचे स्नेही व साहाय्यकर्ते. १८८२ सालीं पोप तेराव्या लिओंनीं समेट घडवून आणला, व त्यांतील कटु भाग डॉन बॉस्कोंनाच गिळावा लागला. दोन सज्जन एकाच देवाची सेवा करीत असतांही एकमेकांस किती दुखवूं शकतात, हें जाणण्यासाठीं तरी हा भाग चरित्रांतून गाळूं नये असें मला वाटतें.

१८५९ च्या डिसेंबरमध्यें त्यांनीं संस्था स्थापिली, तिचे पहिले सभासद बहुतेक त्यांचेच वाढविलेले मुलगे होते. सौम्य स्वभावाचे संत फ्रान्सिस द सालेस यांच्यावरून तिला ‘सालेशियन’ नांव दिलें. मुलींसाठीं मरिया माझ्झारेल्लोंच्या सहकार्यानें १८७२ सालीं भगिनींचा संघ निघाला. १८७५ सालीं पहिले मिशनरी आर्जेंटिनास गेले. आपल्या देशांत सालेशियन धर्मगुरु १९०६ सालीं तंजावरास आले, १९२८ सालीं मुंबईस व १९४६ सालीं गोव्यांत. माटुंग्याच्या मरियामंदिरांत आपल्यापैकीं बहुतेकांनीं कधीं ना कधीं मेणबत्ती लावलीच असेल.

शिक्षणाविषयीं त्यांनीं मोठे ग्रंथ लिहिले नाहींत. १८७७ सालीं नीस शहरांतील एका नव्या घराच्या निमित्तानें लहानसें टिपण लिहिलें. मुलगा चुकेपर्यंत वाट पाहून मग शिक्षा करावयाची, ही एक रीत. तो चुकण्यापूर्वींच त्याच्याजवळ असावयाचें, ही दुसरी. दुसरीचे आधार तीन: समजूत, धर्म आणि ममता. पुढें १८८४ च्या मे महिन्यांत रोमहून त्यांनीं आपल्या घरच्या शिक्षकांना एक पत्र पाठविलें. शिक्षक मुलांसाठीं झिजत होते, यांत शंका नव्हती. पण खेळाच्या वेळीं ते आपसांत बोलत उभे राहूं लागले होते, आणि मुलें दूर गेलीं होतीं. मुलांवर प्रेम करणें पुरत नाहीं, आपल्यावर प्रेम आहे हें मुलांना कळलें पाहिजे, असा त्या पत्राचा भाव आहे. हें पत्र मीं निवृत्त झाल्यावर वाचलें. मींही माझ्या मुलांवर प्रेम केलें, असें माझें ठाम मत होतें. तें त्यांना कळलें होतें कीं नाहीं, हें मीं कधीं विचारलेंच नव्हतें.

१८८७ च्या मे महिन्यांत, रोमच्या नव्या पवित्र हृदयाच्या मंदिरांत मिस्सा करतांना त्यांना वारंवार रडूं फुटलें. नवव्या वर्षींचें स्वप्न त्यांना आठवलें होतें. १८८८ च्या जानेवारीच्या ३१ व्या तारखेस पहांटे त्यांनीं देह ठेवला. मुलांसाठीं त्यांचा शेवटचा निरोप हा कीं, मी स्वर्गांत तुम्हां सर्वांची वाट पाहीन. दाराबाहेर वाट पाहणारें कोणी नाहीं म्हणून ज्यानें कामास आरंभ केला, त्यानें जातांनाही वाट पाहण्याचेंच काम पत्करलें. १९३४ च्या ईस्टर रविवारीं पोप अकराव्या पायसनीं त्यांना संत म्हणून जाहीर केलें. तरुण गुरु असतांना ते स्वतः वाल्दोक्कोस राहून, मुलांच्या गराड्यांतील डॉन बॉस्कोंना डोळ्यांनीं पाहून आले होते.

माझें बोलणें लांबलें. मघांपासून बाहेर आवारांत मुलें खेळत आहेत व त्यांचा गलका आपल्याला येथवर ऐकूं येत आहे. माझ्या भाषणाच्या आरंभीं उत्सव-मंडळांतील एक गृहस्थ त्यांना गप्प करण्यासाठीं उठले होते. मींच त्यांना खुणेनें बसविलें. त्यांतील चारपांच मुलें आपल्या पॅरिशचीं नाहींत. वीटभट्टीवर कामाला आलेल्या लोकांचीं तीं आहेत, आणि गेले तीन रविवार तीं फाटकाशीं उभीं राहून आंत पाहत होतीं. आज फाटक कोणीं उघडलें तें मला ठाऊक नाहीं. आतां बेनेडिक्शनची घंटा होईल.